अनेक चलांतील लंबकोनी बहुपदी : डंकल–शू यांच्या ग्रंथाचे एक परीक्षण

प्रस्तावना

पदव्युत्तर अभ्यासक्रमात लजांड्र, हर्मिट, लागेर व चेबिशेव्ह यांच्या बहुपदींचा परिचय बहुतेक सर्वांना होतो. या सर्व बहुपदी एकाच चलातील आहेत. चल दोन किंवा अधिक झाले म्हणजे काय होते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. विचारलाच तर 'तेच, फक्त अधिक किचकट' असे उत्तर मिळते. हे उत्तर चुकीचे आहे. ते का चुकीचे आहे, हे चार्ल्स डंकल व युआन शू यांच्या 'ऑर्थोगोनल पॉलिनॉमियल्स ऑफ सेव्हरल व्हेरिएबल्स' या ग्रंथातून समजते. केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेसच्या गणितीय कोशमालेत या ग्रंथाची पहिली आवृत्ती २००१ मध्ये ८१ वा खंड म्हणून आणि दुसरी २०१४ मध्ये १५५ वा खंड म्हणून प्रसिद्ध झाली. प्रस्तुत लेखात दुसऱ्या आवृत्तीच्या आधारे ग्रंथाचे सामर्थ्य व मर्यादा यांचा विचार केला आहे.

क्रमाचा लोप

एका चलात १, क्ष, क्ष² … हा क्रम निसर्गतःच मिळतो. त्यामुळे दिलेल्या भारफलासाठी प्रत्येक कोटीची लंबकोनी बहुपदी, स्थिर गुणक सोडल्यास, एकच असते. दोन चलांत दुसऱ्या कोटीलाच क्ष², क्षय व य² ही तीन पदे एकदम समोर येतात. त्यांपैकी कोणते आधी घ्यावयाचे, हे सांगणारा कोणताही स्वाभाविक नियम नाही. क्रम बदलला की बहुपदीही बदलतात. म्हणून सुटी बहुपदी हा अभ्यासाचा घटक मानता येत नाही. न कोटीच्या, आणि त्याहून लहान कोटीच्या सर्व बहुपदींना लंब असलेल्या, बहुपदींचा संपूर्ण अवकाश हाच खरा घटक होय. दोन चलांत या अवकाशाची मिती न + १ असते.

एकक चकतीवर भारफल स्थिर असता या एकाच अवकाशाचे निरनिराळे आधार निरनिराळ्या गरजांतून पुढे आले. झेर्निके यांनी १९३४ मध्ये प्रकाशशास्त्राच्या संदर्भात ध्रुवीय निर्देशकांतील बहुपदी मांडल्या. लोगन व शेप यांनी १९७५ मध्ये प्रक्षेपांवरून प्रतिमा उभारण्याच्या प्रश्नात दुसऱ्या प्रकारच्या चेबिशेव्ह बहुपदी समान कोनांतराच्या दिशांना घेऊन त्याच अवकाशाचा लंबकोनी आधार दिला. हर्मिट यांच्या परंपरेतील आधारांत तर दोन कुळे परस्परांना लंब असतात, परंतु प्रत्येक कुळ स्वतः लंबकोनी नसते. यांपैकी कोणताही एक आधार 'खरा' व इतर गौण, असे म्हणता येत नाही.

लेखकद्वयाने ही दृष्टी ग्रंथभर सातत्याने राखली आहे. तीन पदांचा पुनरावर्ती संबंध येथे संख्यांऐवजी आव्यूहांनी लिहिला जातो आणि प्रत्येक चलासाठी एक असे अनेक संबंध मिळतात. फावार यांच्या प्रमेयाचे अनेक चलांतील रूप या मांडणीतूनच सिद्ध होते. कोवाल्स्की यांनी १९८२ मध्ये मांडलेला आणि शू यांनी पुढे सुटसुटीत केलेला हा विचार ग्रंथाच्या तिसऱ्या प्रकरणाचा कणा आहे.

एक साधा प्रतिदाखला

एका चलात न बिंदूंवरील गाउसचे सूत्र २न − १ कोटीपर्यंत अचूक असते, आणि असे सूत्र सदैव मिळते. दोन चलांत ही हमी राहत नाही. एकक चकतीवर तिसऱ्या कोटीपर्यंत अचूक असे तीन बिंदूंचे सूत्र आहे, असे समजू. हे तीन बिंदू एकरेषीय असू शकत नाहीत. तसे असते तर त्या रेषेच्या समीकरणाचा वर्ग तिन्ही ठिकाणी शून्य झाला असता, पण त्याचा समाकल मात्र धन राहिला असता. बिंदू एकरेषीय नसल्याने एका बिंदूवर १ व इतर दोहोंवर ० किंमत घेणारी रेषीय बहुपदी घेता येते. म्हणून दुसऱ्या कोटीची प्रत्येक लंबकोनी बहुपदी या तिन्ही बिंदूंवर शून्य झाली पाहिजे. चकतीवर अशा बहुपदी क्षय, क्ष² − य² आणि क्ष² + य² − १/२ या आहेत. पहिल्या दोन केवळ आदिबिंदूवर एकदम शून्य होतात आणि तेथे तिसरीची किंमत −१/२ असते. अर्थात असे सूत्र अस्तित्वात नाही. चार बिंदू घेतले तर मात्र काम भागते : अक्षांवर केंद्रापासून १/√२ अंतरावरील चार बिंदूंना समान भार दिला की तिसऱ्या कोटीपर्यंत अचूकता मिळते.

ग्रंथात केंद्रसममित भारफलांविषयीचा व्यापक निष्कर्ष आव्यूहांच्या अटींतून निघतो. ती सिद्धता समर्थ आहे, परंतु वरील आठ-दहा ओळींचा दाखला प्रवेशद्वारीच ठेवला असता तर नवख्या वाचकाला विषयाचे मर्म अधिक लवकर कळले असते.

सममितीचा आधार

ग्रंथाचा उत्तरार्ध परावर्तन गटांना वाहिलेला आहे. डंकल यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या कारकांत अवकलजाबरोबर परावर्तनातून येणारी फरकाची पदे असतात. एवढे करूनही हे कारक परस्परांशी क्रमनिरपेक्ष राहतात, हे विलक्षण आहे. गोलावरील सुसंवादी बहुपदींचा सिद्धांत त्यामुळे विस्तृत भारफलांना लागू होतो आणि शेवटी कालोजेरो–सदरलँड प्रकारच्या भौतिकीय प्रतिमानांपर्यंत पोहोचतो. या क्षेत्राशी भारतीय संशोधनाचेही नाते आहे : एस. थंगवेलू यांनी शू यांच्यासमवेत २००५ मध्ये डंकल रूपांतरावर शोधनिबंध प्रसिद्ध केला.

रेषेवर जे कार्य क्रम करीत होता, ते अनेक मितींत सममिती करते, असे या उत्तरार्धाचे सार सांगता येईल. परंतु आमचा मुख्य आक्षेपही येथेच आहे. सममिती ही मोजक्या भारफलांचीच मिरास आहे. एखाद्या वेड्यावाकड्या प्रदेशावर काम करणाऱ्याच्या हाती केवळ सामान्य सिद्धांत उरतो. त्या सिद्धांताला ग्रंथात मिळालेली जागा मात्र तुलनेने थोडी आहे. समान शून्यांचा प्रश्न बैजिक भूमितीच्या दाराशी येऊन थांबतो. प्रत्यक्ष आकडेमोडीसाठी कोणता आधार निवडावा, याचेही मार्गदर्शन फारसे आढळत नाही. ग्रंथाचे शीर्षक सर्वसमावेशक आहे, पण त्यातील संपन्नता विशेष उदाहरणांची आहे.

समारोप

या मर्यादांमुळे ग्रंथाचे मोल कमी होत नाही. दुसऱ्या आवृत्तीतील दोन चलांवरील स्वतंत्र प्रकरण हे तर आपल्याकडील अध्यापकांनी आवर्जून वाचावे असे आहे. लंबकोनी बहुपदी म्हणजे पाठ करावयाच्या सूत्रांची यादी, ही समजूत आपल्या वर्गांत दृढ झाली आहे. एकच अवकाश आणि त्याचे अनेक आधार पाहिलेला विद्यार्थी पुन्हा एका चलाकडे वळतो, तेव्हा तेथील एकमेवता हा गृहीत धरण्याजोगा नियम नसून रेषेच्या क्रमाने दिलेली देणगी आहे, हे त्याला उमगते. विषयाच्या अध्यापनात हा बदल घडवून आणण्याची क्षमता या ग्रंथात निश्चितच आहे.