प्रतीची प्रतिष्ठा

मुंबईत काळा घोडा येथील जहांगीर कलादालनात किंवा पुण्यात बालगंधर्व रंगमंदिराच्या कलादालनात छायाचित्रांचे प्रदर्शन भरले म्हणजे, चित्रे पाहून झाल्यावरही मी तेथे बराच वेळ रेंगाळतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे बोलणे ऐकतो. आणि गेल्या कित्येक वर्षांत एक प्रश्न, निरनिराळ्या तोंडांतून परंतु जवळजवळ त्याच शब्दांत, माझ्या कानी पडत आला आहे. "याच्या हव्या तेवढ्या कॉप्या निघतात ना? मग एवढी किंमत कशाची?" विचारणारा गृहस्थ अरसिक असतो असे मुळीच नाही, क्षणापूर्वी त्याच चित्रापुढे तो भान हरपून उभा राहिलेला मी पाहिलेला असतो. त्याचा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे समाधानकारक उत्तर आपल्याकडील फार थोड्या छायाचित्रकारांनी दिले आहे. स्वतःच्या मर्जीने चित्र घेऊन त्याच्या प्रतींवर निर्वाह करू पाहणाऱ्या छायाचित्रकाराची महाराष्ट्रात जी कुचंबणा होते, तिचे खापर आपण सहसा ग्राहकाच्या अनास्थेवर फोडतो. माझ्या मते तिचा निम्म्याहून अधिक दोष, ज्या प्रतीची किंमत मागायची त्या प्रतीकडेच छायाचित्रकाराने केलेल्या दुर्लक्षाकडे जातो.

हा धंदा आपल्या मुलखाला नवा नाही. दागेरच्या छायाचित्रणाच्या शोधाची वार्ता पॅरिसमध्ये १८३९ साली जाहीर झाली आणि पंधरा वर्षांच्या आत, १८५४ साली, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे एतद्देशीय गृहस्थ तिच्या कारभारात होते. पुढे १८६३ ते १८७० या काळात सॅम्युएल बोर्न याने काचेच्या जड पट्ट्या हमालांच्या पाठीवर घालून हिमालयापर्यंत नेल्या, आणि घेतलेल्या चित्रांवर अनुक्रमांक घालून, त्यांची यादी छापून, त्यांच्या प्रती विकल्या. म्हणजे गिऱ्हाईकाचा चेहरा ज्यात नाही असे छायाचित्र, केवळ चित्र म्हणून, पैसे मोजून घेण्याची रीत या देशात दीडशे वर्षांपूर्वीच रूढ झाली होती. परंतु ते घेणारे बहुतांशी साहेब लोक होते. लाला दीनदयाळ यांनी १८९६ मध्ये मुंबईत स्टुडिओ थाटला तेव्हा त्यांच्याही यादीत किल्ले, मंदिरे आणि राजवाडे होते, तरी त्यांची मुख्य भिस्त निजामाच्या आश्रयावर आणि तसबिरीसाठी येऊन बसणाऱ्या प्रतिष्ठितांवर होती. येथेच आमच्या धंद्याची वाट ठरली: मोबदला मिळे तो प्रसंगाचा, हजेरीचा, श्रमाचा, प्रत ही त्या श्रमाची पावती. लग्नाच्या अल्बमापर्यंत ही वहिवाट अखंड चालत आली आहे.

त्याच दशकात, १८९४ साली, राजा रविवर्मा यांनी मुंबईत शिळाछापखाना काढला, जो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि त्यातून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी देवघरांत व माजघरांत विराजमान झाल्या. छापील चित्र घरात लावण्याचा आमच्या लोकांना विटाळ नव्हता, हे त्यावरून सिद्ध होते. परंतु छापील म्हणजे स्वस्त आणि अगणित, ही समजूतही त्याच वेळी मनात पक्की झाली असावी, असे मला वाटते.

विसाव्या शतकाचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. मुंबईत १९३७ साली स्थापन झालेल्या फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडियासारख्या संस्थांनी प्रत काढण्याची विद्या जोपासली, प्रदर्शने भरवली. पण त्या हौशी वर्तुळात भूषण होते पदकाचे, विक्रीचे नव्हे. धंदेवाईक छायाचित्रकारांपैकी मित्तर बेदी यांना कारखानदारीने पोसले. सर जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या होमाई व्यारावाला यांना वृत्तपत्रीय कामाने पोसले. त्यांनी १९७० च्या सुमारास कॅमेरा खाली ठेवला, आणि दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या चित्रांचे सिंहावलोकन भरले ते २०१० मध्ये, म्हणजे चाळीस वर्षांनी. न्यूयॉर्कमध्ये विटकिन गॅलरी १९६९ साली उघडली, लंडनमध्ये फोटोग्राफर्स गॅलरी १९७१ साली. आपल्याकडे केवळ छायाचित्रांस वाहिलेली दालने उभी राहण्यास त्यानंतर कितीतरी काळ जावा लागला, आणि बंगळूरचे 'तस्वीर' किंवा दिल्लीचे 'फोटोइंक' यांची नावे घेतल्यावर यादी फार लांबत नाही.

आता त्या प्रश्नाकडे वळू. हव्या तेवढ्या प्रती निघतात हे खरे. परंतु एकसारख्या, आणि चांगल्या, निघतात काय? माझ्या परिचयाचे एक छायाचित्रकार आहेत, ज्यांनी पुण्यातील आपल्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडातील मोरीचीच अंधारखोली केली आहे. आषाढी वारीतील एका वृद्ध वारकऱ्याच्या चेहऱ्याची प्रत काढताना मी एकदा संबंध संध्याकाळ त्यांच्या शेजारी उभा होतो. लाल दिव्याखाली प्रथम कागदाच्या अरुंद पट्टीवर पाच वेगवेगळे प्रकाशकाल देऊन त्यांनी अंदाज घेतला. मग अख्खा कागद लावून, एन्लार्जरचा झोत चालू असता, कपाळावरील बुक्का काजळून जाऊ नये म्हणून तारेला डकवलेली पुठ्ठ्याची चकती त्या जागेवर हलती धरली, आणि मागचे ढग भरून यावेत म्हणून दोन्ही तळव्यांच्या फटीतून त्यांना अधिक प्रकाश पाजला. डेव्हलपरमध्ये कागद बुडताच प्रथम डोळ्यांच्या खाचा उमटल्या, मग पागोट्याची घडी, सर्वांत शेवटी आकाश. सात कागद त्यांनी बाजूला टाकले. आठव्याच्या वेळी बुक्क्याचा काळा आणि ढगाचा काळा हे दोन निराळे काळे झाले, तेव्हा ते पहिल्यांदा बोलले. "आता झाला," एवढेच.

अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स हा तरुणपणी पियानोचा अभ्यास केलेला मनुष्य; निगेटिव्ह म्हणजे स्वरलिपी आणि प्रत म्हणजे वादन, अशी त्याची धारणा होती. आपण बंदिश आणि मैफल म्हणू. हर्नांडेझ गावावरील चंद्रोदयाचे त्याचे १९४१ चे चित्र त्याने पुढील कित्येक वर्षांत हजाराहून अधिक वेळा छापले, आणि वय वाढत गेले तसे त्यातील आकाश तो अधिकाधिक गडद करीत गेला. एकाच निगेटिव्हमधून निघालेल्या त्या प्रती एक नव्हेत.

अंधारखोली आता विरळा झाली, याचे मला दुःख असले तरी गाऱ्हाणे नाही. कापसाच्या आम्लरहित कागदावर रंगद्रव्याच्या शाईने काढलेली प्रत अत्यंत सुंदर व टिकाऊ असू शकते. तीतही कागदाची निवड, काळ्याची खोली, पडद्यावरील उजेड आणि कागदावरील उजेड यांचा मेळ, ही सर्व साधना आहेच. गाऱ्हाणे आहे ते या साधनेचा त्याग करणाऱ्यांविषयी. "फाइल लॅबला पाठवली, उद्या येईल," असे जो सांगतो, त्याने आपल्या कलेचा उत्तरार्ध मक्त्याने देऊन टाकला आहे. आणि मग ग्राहकाने कागदाचा भाव विचारला तर त्याने रागावण्याचे कारण नाही.

या बेफिकिरीचा मला स्वतःला चटका बसला आहे. सह्याद्रीतील पावसाळी घाटाचे एक चित्र मी, माझ्या ऐपतीच्या मानाने पुष्कळ पैसे देऊन, चौकटीसह विकत घेतले होते. दुसऱ्याच पावसाळ्यात आकाशावर बुरशीचे करडे ठिपके उठले, आणि चौकट उघडून पाहतो तो प्रत काचेला चिकटलेली: मध्ये पुठ्ठ्याची खिडकी ठेवलेली नव्हती, पाठीमागे साधा पुठ्ठा होता आणि तोही डिंकाने डकवलेला. दमट हवेच्या प्रांतात काच व कागद यांत अंतर हवे, ही माहिती त्या धंद्यातील प्रत्येकास असते. ती प्रत सोलून काढताना घाटाचा अर्धा कडा काचेवर राहिला.

दुसरी गोष्ट सचोटीची. पंधराच प्रती काढीन असे लिहून देणे हा करार आहे, आणि पंधरा संपताच दोन इंच मोठ्या आकारात नवी आवृत्ती काढणे, मग कागदोपत्री त्याला कोणतेही नाव द्या, हा पहिल्या पंधरा खरेदीदारांचा विश्वासघात आहे. कायद्याने या धंद्याला पुरते साह्य केलेले नाही, हेही नमूद केले पाहिजे. १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमात २०१२ साली दुरुस्ती होऊन छायाचित्राचा हक्क कर्त्याच्या हयातीपर्यंत व नंतर साठ वर्षे चालू लागला, ही न्याय्य गोष्ट झाली. परंतु मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या छायाचित्राचा मूळ मालक, उलट करारनामा नसल्यास, आजही सांगणाराच ठरतो. आणि दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला होणाऱ्या पुनर्विक्रीत कर्त्याला हिस्सा देणाऱ्या कलम ५३अ मध्ये रंगचित्र, शिल्प, रेखाटन आणि हस्तलिखित यांची नावे आहेत, छायाचित्राचे नाही. या वगळण्याविरुद्ध आमच्या छायाचित्रकारांनी एकमुखाने आवाज उठविलेला माझ्या तरी कानी आलेला नाही, याची मला खंत वाटते.

काहींनी ग्रंथाची वाट धरली आहे. संदेश भंडारे यांनी तमाशा आणि वारी या विषयांवर केलेली पुस्तके, भिंत परवडत नाही अशा वाचकाच्या घरी छायाचित्र पोहोचवितात. दयानिता सिंग यांनी तर पुस्तकालाच प्रदर्शनीय वस्तू करून दालन आणि ग्रंथ यांतील भिंतच हलविली. हे यत्न मोलाचे आहेत, पण पुस्तकाच्या शेकडो प्रतींत कर्त्याचा हात प्रत्येक पानावर फिरत नाही, आणि मला येथे त्या हाताविषयीच बोलायचे आहे.

पुण्याच्या त्या स्नेह्यांकडे सरकारी कचेरीत असते तशी लाल कापडी पाठीची एक बारनिशी आहे. तीत प्रत्येक चित्राचे एक पान: कागद कोणता, तारीख काय, किती वेळ धुतला, कितवी प्रत कोणाकडे गेली, बाद प्रती किती आणि त्या फाडून टाकल्या की नाही. परवा एक दांपत्य वारकऱ्याचे चित्र पाहावयास आले. किंमत ऐकून गृहस्थांनी तोच प्रश्न विचारला. स्नेह्यांनी काही न बोलता बारनिशी त्यांच्यापुढे सरकवली, आणि बाद झालेल्यांपैकी फाडावयाची राहिलेली एक प्रत व चांगली प्रत, दोन्ही खिडकीच्या उजेडात शेजारी-शेजारी ठेवली. बाई बराच वेळ खाली वाकून पाहत होत्या. मग त्यांनी बाद प्रतीतील कपाळावर, कागदाला न टेकवता, बोट धरले आणि यजमानांना म्हणाल्या, "अहो, यात बुक्का दिसतच नाहीये." स्नेह्यांनी पेन्सिल घेऊन चांगल्या प्रतीच्या मागे ७/१५ असा आकडा घातला, आणि बाद प्रत त्यांच्यादेखत फाडून तशी नोंद केली.