दर्शनी भिंत आणि परसदार

रेल्वेचा वारसा म्हटला की डोळ्यांपुढे स्थानकं, पूल आणि वाफेची इंजिनं येतात. ज्याच्या हातांनी ते इंजिन दुरुस्त झालं, त्याचं घर सहसा आठवत नाही. इंग्लंडमधल्या स्विंडनच्या रेल्वे वसाहतीत ते उभं आहे, आणि एखादी कविता वाचावी तसं ओळीओळीने वाचता येतं.

इंजिन विभागाचा प्रमुख डॅनियल गूच याच्या शिफारशीवरून ग्रेट वेस्टर्न रेल्वेने १८४० साली इथे इंजिन दुरुस्तीचा कारखाना काढायचं ठरवलं. १८४३ च्या जानेवारीत तो सुरू झाला. भोवती शेतं. कारागीर बाहेरून आणायचे, तर त्यांच्या निवाऱ्याची सोय हवी. म्हणून सुमारे ३०० घरांची वसाहत आखली गेली. कंपनीकडे पैशांची चणचण होती. तेव्हा रिग्बी या कंत्राटदारांनी घरं स्वखर्चाने बांधली आणि मोबदल्यात भाडं व स्थानकावरच्या उपाहारगृहाचं उत्पन्न घेतलं. तिथे नेहमीची प्रत्येक प्रवासी गाडी दहा मिनिटं थांबवायची, असं कंपनीने कबूल केलं. हा करार मोडायला १८९५ साल उजाडलं. म्हणजे घराच्या पायात प्रवाशांच्या चहा-नाश्त्याचे पैसेही आहेत.

आता दर्शनी भाग पाहा. फिकट चुनखडी दगडाच्या भिंती, छपराचे टोकदार त्रिकोणी माथे, रांगेने उभी धुराडी, दारापुढे हातभर बाग. रुळांकडे तोंड केलेल्या रांगांवर नक्षीकाम जास्त आहे, कारण गाडीतल्या प्रवाशाला त्याच दिसणार. रांगांच्या टोकांची घरं मोठी. ती वरच्या हुद्द्याच्या लोकांसाठी. रस्त्यांची नावंही रुळांच्या दिशेने लावलेली: मधल्या चौकाच्या पश्चिमेला ब्रिस्टल, टाँटन, एक्झिटर, पूर्वेला लंडन, ऑक्सफर्ड, रीडिंग. कामगार ज्या मार्गावरच्या गाड्या दुरुस्त करायचा, त्याच मार्गावर जणू राहायचाही.

ही भिंत मालकाची आहे. कामगाराचं घर कळायला मागच्या गल्लीत जावं लागतं. या गल्ल्यांना स्विंडनकर ‘बॅक्सीज’ म्हणतात. तिथे नक्षी संपते. लहानसं फरसबंद परसदार, त्यात धुण्याची जागा आणि संडास, उंच भिंत आणि एक दार. सुरुवातीच्या वर्षांत घरं कमी आणि माणसं फार, त्यामुळे दोन खोल्यांत दोन-दोन कुटुंबं कोंबलेली असत. कपडे वाळत घालणं, मुलांचे खेळ, शेजारणींच्या गप्पा, सारं इथेच. पुढचा दगड कंपनीची ऐट सांगतो, मागची भिंत त्या ऐटीखालची दाटी सांगते. दोन्ही एकाच घरात शाबूत आहेत, हेच या वास्तूचं खरं मोल.

घराचा अर्थ उंबऱ्यापाशी संपतही नाही. १८४७ साली कामगारांनी पगारातून वर्गणी देऊन वैद्यकीय निधी उभारला. पुढे वसाहतीत त्याचं इस्पितळ झालं, आणि १९४८ साली राष्ट्रीय आरोग्य सेवा येईपर्यंत हा निधी चालला. मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट या कामगारांच्या संस्थेत वाचनालय आणि नाट्यगृह होतं. दोन खोल्यांत जे मावत नव्हतं, ते या लोकांनी एकत्र येऊन चौकात उभं केलं. म्हणून एकच घर सुटं काढून जपलं असतं, तर निम्मा अर्थ हरवला असता.

एकेकाळी ही वसाहत पाडायचं घाटत होतं. १९६६ साली नगरपालिकेने ती रेल्वेकडून विकत घेतली, सुधारणा करून घरं पुन्हा राहण्याजोगी केली. फॅरिंग्डन रोडवरचं ३४ क्रमांकाचं घर जुन्या काळच्या मांडणीसह संग्रहालय म्हणून जपलं गेलं. बाकीच्या घरांत संसार सुरू राहिले. कारखाना १९८६ साली बंद पडला, तरी घरं टिकली, कारण त्यांत चूल पेटत होती.

आपल्याकडे छत्रपती शिवाजी टर्मिनसला २००४ साली जागतिक वारशाचा मान मिळाला, तो रास्तच. पण इगतपुरी, भुसावळ, परळ इथल्या जुन्या रेल्वे क्वार्टर्सकडे आपण ‘मोडकळीस आलेली’ याच नजरेने पाहतो. तिथली एखादी रांग पाडायचा निर्णय होण्याआधी तिची मापं, नकाशे, छायाचित्रं आणि तिथे राहिलेल्यांच्या आठवणी नोंदवून घ्यायला हव्यात. आणि जी डागडुजीने वाचेल, ती वस्तीसह वाचवायला हवी. नोंद करणाऱ्याने पुढच्या दाराइतकंच मागचं दारही काळजीने मोजावं.