‘स्थितिस्थापकता’ आणि आखूड डीएनए रेणू

आखूड डीएनए रेणूंची स्थितिस्थापकता लांब रेणूंहून ‘अधिक’ आढळते, असे विधान एखाद्या मराठी लेखात आले, तर त्याचा अर्थ काय करावा? गुणांकाच्या परिभाषेत ‘अधिक’ म्हणजे अधिक ताठ. व्यवहाराच्या भाषेत ‘अधिक’ म्हणजे सहज वाकणारा वा ताणला जाणारा. एकाच वाक्यातून परस्परविरुद्ध अर्थ निघतात आणि वाद नेमका तेथेच आहे.

हा शब्द नवा घडवलेला नव्हे. वैशेषिकांनी संस्काराचे जे तीन प्रकार मानले, त्यांत वेग व भावना यांच्याबरोबर ‘स्थितिस्थापक’ येतो. प्रशस्तपादांच्या उदाहरणांत धनुष्य, फांदी, शिंग आहेत; अन्नंभट्टाने चटई दिली आहे. वाकवलेली वस्तू पूर्वस्थितीस येणे, हा त्याचा गाभा.

आता लांब रेणू पाहावा. १९९२ मध्ये स्मिथ, फिन्झी व बुस्टामांटे यांनी डीएनएच्या एकेका रेणूस चुंबकीय मणी लावून तो ताणला. ताण काढल्यास असा रेणू गोळा होतो, पण कोणत्याही ठराविक आकृतीस परत जात नाही. गोळा होण्याच्या रीती अगणित, सरळ राहण्याची रीत जवळजवळ एकच; उष्णतेचे हेलकावे त्याला बहुसंख्येकडे नेतात, इतकेच. येथे ‘स्थिती’च नाही, मग स्थापना कशाची? सुमारे १५० जोड्यांहून, म्हणजे ५० नॅनोमीटरहून, आखूड तुकडा मात्र काडीसारखा वागतो, आणि प्रशस्तपादांचे धनुष्य त्याला शोभते.

या काडीविषयीच मतभेद झाले. २००४ मध्ये क्लूटिए व विडम यांना ९४ जोड्यांचे तुकडे अपेक्षेहून कितीतरी पटींनी सहज वर्तुळाकार होताना दिसले. पुढच्याच वर्षी व्होलोगोडस्की व सहकाऱ्यांनी आक्षेप घेतला की, टोके सांधणाऱ्या लायगेज विकराचे प्रमाण जास्त असल्याने हा आकडा फुगला. २००८ मध्ये मॅथ्यू-फेन, हार्बरी आदींनी १० ते ३५ जोड्यांच्या तुकड्यांच्या टोकांना सोन्याचे सूक्ष्म कण लावून क्ष-किरणांनी अंतरे मोजली. बाहेरचा ताण नसताना डीएनए, ओढून केलेल्या मापनांच्या मानाने, किमान दहापट मऊ ठरला. पहिला प्रश्न वाकण्याचा, दुसरा लांबी कमीजास्त होण्याचा. दोन्ही निष्कर्ष ‘लवचिकता वाढली’ या एका छत्राखाली मांडले, की एकाचा पुरावा दुसऱ्याच्या खाती जमा होतो. प्रस्तुत लेखकास हा दोष केवळ शैलीचा वाटत नाही.

मराठी येथे दरिद्री आहे, असेही नाही. केदारखेड्यासारख्या गावी, नायलॉनचे दोर येण्यापूर्वी, अंबाडीच्या वाखाचे दावे घरीच वळले जाई. ते वळणाऱ्याला पदर, पीळ, ताण, ढील हे चार शब्द वेगळे ठेवावेच लागत; पीळ कमी पडला म्हणून कोणी ताण वाढवीत नसे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, या म्हणीतही पदार्थ एक व त्याचा गुण दुसरा, हे भान आहेच. डीएनएलाही पदर दोन आणि पीळ आहे. पिळाचा विरोध तिसरेच माप मागतो.

तेव्हा ‘वाक-ताठरता’, ‘ताण-ताठरता’ आणि ‘पीळ-ताठरता’ असे तीन शब्द योजावेत. ‘अधिक’ म्हणजे काय, ही शंका मग उरत नाही. ५० नॅनोमीटरच्या त्या लांबीस ‘ताठ-लांबी’ म्हणावे. ‘स्थितिस्थापकता’ हा शब्द गुणाच्या सामान्य नावापुरता ठेवावा. आकड्यापुढे तो लिहू नये.