सुखाचा विनोद

स्टँड-अप कॉमेडीचा संसार पिढ्यान्‌पिढ्या बायको, सासू आणि मधुचंद्र यांच्या विनोदांवर चालला. ज्या समलिंगी विनोदकारांना लग्नाचा हक्कच नव्हता, त्यांना हा विषय बाहेरूनच पाहावा लागला. अमेरिकी विनोदकार रॉबिन टायलर यांच्या १९७९च्या विनोदी रेकॉर्डचं नावच ‘ऑल्वेज अ ब्राइड्समेड, नेव्हर अ ग्रूम’ होतं: कायम करवली, नवरदेव कधीच नाही. पुढे त्यांनीच कॅलिफोर्नियात विवाहहक्कासाठी कोर्टात धाव घेतली आणि २००८ साली आपल्या जोडीदारणीशी लग्न केलं.

या कलेचा आजवरचा प्रवास सर्वांत स्पष्ट दिसतो तो टास्मानियात वाढलेल्या हॅना गॅड्सबी यांच्या कामात. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात समलिंगी विवाहावर टपाली मतपाहणी झाली. ६१.६ टक्के लोकांनी होकार दिला, पण तोवर कित्येक महिने समलिंगी माणसांच्या आयुष्याची चव्हाट्यावर चर्चा होत राहिली. गॅड्सबी यांचा ‘नॅनेट’ हा प्रयोग त्याच काळातला. विनोद ताण निर्माण करतो आणि पंचलाइन तो सोडवते. मग खरी गोष्ट अर्ध्यावरच तुटते, असं गॅड्सबी यांनी त्यात मांडलं आणि शेवटी प्रेक्षकांचा ताण सोडवायला नकार दिला. २०१८ मध्ये नेटफ्लिक्सवर आलेल्या या प्रयोगाने स्टँड-अपची व्याख्याच वादात आणली.

गॅड्सबी यांचं २०२३चं ‘समथिंग स्पेशल’ सिडनी ऑपेरा हाउसच्या मंचावरचं. निर्मात्या जेनी शमाश यांच्याशी झालेलं लग्न हा त्याचा गाभा. इथे गॅड्सबी प्रेक्षकांना सुखरूप घरी पोचवतात. रचनेची पकड मध्ये मध्ये सैल होते, ‘नॅनेट’ची उंची हा प्रयोग गाठत नाही. तरीही त्याने उचललेला प्रश्न कलेच्या दृष्टीने अधिक अवघड आहे. विनोदाला अडचण लागते. सुखी माणसाच्या गोष्टीत ती आणायची कुठून? जुना मार्ग सोपा होता: जोडीदारालाच हास्यास्पद करायचं. क्विअर विनोदकारांना दुसरी वाट सापडली आहे. मागणी कोणी घालायची, कोणते विधी ठेवायचे, हे त्यांच्यासाठी रूढीने ठरवलेलं नसतं. त्या गोंधळातून हसू फुटतं आणि जोडीदाराचा मान शाबूत राहतो.

विनोदकार टिग नोटारो यांनी ‘हॅपी टू बी हिअर’मध्ये आणि फॉर्च्यून फीम्स्टर यांनी ‘गुड फॉर्च्यून’मध्ये हीच वाट रुळवली. दुसरीकडे जेरॉड कारमायकल यांचं ‘रोथॅनिएल’ (२०२२) गुपित आणि आईच्या दुराव्याभोवती फिरतं. ते थोर काम आहे. पण समीक्षेने वेदनेलाच खोली मानलं, तर आनंदाची कारागिरी कायम दुय्यम ठरेल. हा अन्याय आता थांबायला हवा.

आपल्याकडे समलिंगी संबंधांवरच्या ३७७ कलमाचा जाच २०१८ मध्ये संपला. समलिंगी विवाहाचा हक्क मात्र सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी नाकारला. मराठी रंगभूमीने विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ या नाटकातून समलिंगी प्रेम फार लवकर पाहिलं, पण शोकांतिकेच्या रूपात. उद्या एखादी मराठी मुलगी माइक हाती घेऊन आपल्या मैत्रिणीसोबतच्या सुखी संसाराचे किस्से सांगेल, तेव्हा तिच्याकडे जखमेचा पुरावा मागू नका. विनोद नीट बांधला आहे का, एवढंच पाहा आणि बांधला असेल तर मोकळेपणाने हसा.