कवितेमागील ‘कोणी’

गतवर्षी पोळ्यानंतर दहावीच्या एका विद्यार्थ्याने गोटमारीवरील कविता मजपुढे ठेवली. जाम नदी, तिच्या पात्रात रोवलेला पळस, पांढुर्णा व सावरगाव या दोन काठांवरून सुटणारे दगड आणि उंबरठ्यावर ताटकळणारी आई, सारे यथास्थित होते. वर्गात वाचताना माझा कंठ दाटून आला. मागाहून त्यानेच प्रांजळपणे सांगितले की, ती संगणकावरील कृत्रिम बुद्धिमत्तेकडून करवून घेतलेली होती. एकही शब्द बदललेला नव्हता. तथापि दुसऱ्यांदा ती मला वाचवेना.

मर्ढेकरांच्या ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथातील लयविचार प्रमाण मानला, तर असे होता कामा नये. संवाद, विरोध व समतोल यांनी बांधलेले घटकांचे परस्परसंबंध कवितेत जसेच्या तसे होते. कवीचे चरित्र कवितेबाहेर ठेवण्याची ही शिस्त आम्हां शिक्षकांवर उपकार करून गेली आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु मनुष्याचे अवलोकन इतके अलिप्त असते काय? १९४४ साली हायडर व सिमेल या मानसशास्त्रज्ञांनी दोन त्रिकोण व एक वर्तुळ यांच्या हालचालींचा छोटासा चित्रपट दाखविला. जवळजवळ सर्व प्रेक्षकांना त्यात पाठलाग, दांडगाई, सुटका दिसली. संबंध पाहून मन थांबले नाही. त्याने तेथे माणसे उभी केली.

येथे एक अडचण आहे. वायझेनबाउम यांचा ‘एलायझा’ (१९६६) हा संगणकीय संवादक बोलणाऱ्याचीच वाक्ये फिरवून परत देई. तो कसा घडला हे पाहिलेल्या त्यांच्या सचिव स्त्रीनेही त्याच्याशी बोलताना त्यांना खोलीबाहेर जाण्याची विनंती केली. यंत्र आहे हे जाणूनही तिचा भाव टिकला. माझा का टिकू नये? मला वाटते, तिला ऐकणारा हवा होता. गोटमारीची कविता मात्र ‘मी पाहिले’ असे म्हणत होती, आणि कोणीच पाहिले नव्हते. वसंतवर्णन असते, तर कदाचित मी इतका दुखावलो नसतो.

त्याच मुलाकडून मग मी निबंध लिहवून घेतला. त्यात उंबरठा नव्हता. बाप पांढुर्ण्याचा, मामा सावरगावचा. म्हणून माय दिवसभर दोन्ही काठांसाठी भिते, एवढेच होते. क्रियापदे हिंदी वळणाची, शुद्धलेखन यथातथाच. चुका मी तांबड्या शाईने दुरुस्त केल्या. ‘माय’च्या जागी ‘आई’ मात्र केले नाही.