‘ऑफ’ म्हणजे बंद?

सातारा जिल्ह्यातील एका शाळेत आठवीच्या तासाला आम्ही मागच्या बाकावर बसलो होतो. शाळा मराठी माध्यमाची, पण गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. आपण ज्याला सेमी-इंग्रजी म्हणतो तशी. फळ्यावर वाक्य होते, ‘प्लांट्स गिव्ह ऑफ ऑक्सिजन’. एका मुलीला आम्ही त्याचा अर्थ विचारला. ती म्हणाली, ‘‘वनस्पती ऑक्सिजन देणं बंद करतात.’’ कधी, असे विचारल्यावर क्षणभर विचार करून म्हणाली, ‘‘रात्री, सर.’’

वर्ग हसला. आम्हाला मात्र हसू आले नाही. प्रकाश नसला की प्रकाशसंश्लेषण थांबते, हे तिला पक्के ठाऊक होते. ‘लाइट ऑफ कर’ यातला ‘ऑफ’ तिने इथे लावला आणि निघालेल्या चुकीच्या अर्थाला बरोबर विज्ञानाचा आधार शोधला. परीक्षेत तिचे गुण गेले असते ते विज्ञानातले. इंग्रजीच्या दोन अक्षरी शब्दापायी एका चांगल्या विचार करणाऱ्या मुलीला आपण ‘विज्ञानात कच्ची’ ठरवले असते.

तिच्या दप्तरात इंग्रजी ‘फ्रेजल व्हर्ब्ज’चे एक छोटे पुस्तक होते. अशी पुस्तके सातारा-सांगलीच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानांतून सहज मिळतात. ती स्वस्त असतात आणि शिक्षकांच्या हाती काहीतरी देतात, एवढे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. त्या पुस्तकात ‘गिव्ह’च्या रांगेत ‘गिव्ह ऑफ’ होते, समोर ‘उत्सर्जित करणे’ असा अर्थही होता. म्हणजे उत्तर दप्तरातच होते, पण ते कामी आले नाही. असे का व्हावे?

पहिला दोष मांडणीचा. ‘गिव्ह अप’, ‘गिव्ह इन’, ‘गिव्ह अवे’, ‘गिव्ह ऑफ’ अशी एकसारखी दिसणारी मंडळी एकाखाली एक उभी केली की पाठांतर होते, पण वेळेवर नेमके कोण कोणते ते आठवत नाही. दुसरा दोष निवडीचा. शेकडो जोड्या सारख्याच महत्त्वाच्या असल्यासारख्या छापलेल्या असतात. प्रत्यक्षात गार्डनर आणि डेव्हिस या अभ्यासकांनी सुमारे 10 कोटी शब्दांचा ब्रिटिश इंग्रजीचा संग्रह तपासून 2007 साली दाखवले, की अवघी 20 क्रियापदे आणि ‘अप’, ‘आउट’, ‘डाउन’ यांसारखी 8 अव्यये यांच्या जोड्यांनीच अशा वापरांपैकी निम्म्याहून अधिक वापर व्यापले आहेत. तिसरा दोष असा, की शब्दांच्या क्रमाविषयी ही पुस्तके बहुधा गप्प असतात. ‘पुट आउट द फायर’ आणि ‘पुट द फायर आउट’ दोन्ही चालतात. पण ‘फायर’ऐवजी ‘इट’ आले की ‘पुट इट आउट’ एवढेच बरोबर. ‘लुक आफ्टर’ची जोडी तर अशी फोडताच येत नाही. नुसत्या अर्थाच्या यादीतून हे कळणार कसे?

चौथा दोष आम्हाला सर्वांत मोठा वाटतो. ही पुस्तके मुलाला असे भासवतात, की हा इंग्रजीचाच काही विचित्र खेळ आहे. खरे तर मुले तो खेळ घरी रोज खेळतात. ‘लिहून टाक’ म्हटल्यावर कोणी वही फेकून देत नाही. ‘तो बोलून गेला’ म्हणजे तो निघून गेला असे नाही आणि ‘पैसे घालवून बसला’ म्हणजे खाली बसला असेही नाही. संयुक्त क्रियापदातील ‘टाकणे’, ‘जाणे’, ‘बसणे’ आपला मूळ अर्थ बाजूला ठेवून क्रिया पुरी झाल्याची, नकळत झाल्याची किंवा हातचे गेल्याची छटा देतात. ‘ईट इट अप’मधला ‘अप’ आपल्या ‘खाऊन टाक’मधल्या ‘टाक’सारखेच काम करतो. संस्कृतातून आलेले उपसर्गही असेच. आहार, विहार, प्रहार, संहार यांत धातू एकच, अर्थ मात्र चार दिशांना. ‘ब्रेक डाउन’ आणि ‘विघटन’ शेजारी लिहा; ‘डाउन’चे काम आपल्याकडे ‘वि’ करतो आहे हे मुलांना लगेच दिसेल.

मग शिकवावे कसे? कराड, वाळवा, शिराळा भागातल्या मुलांनी गुऱ्हाळ पाहिलेले असते. तिथूनच सुरुवात करावी. चुलवाणावर काहील चढली की रस तापू लागतो, तो ‘हीट अप’ होतो. मळी वर येते, म्हणजे ‘कम अप’. गुळव्या ती काढून टाकतो, म्हणजे ‘स्किम ऑफ’. जाळ वाढला तर रस उतू जाईल, तो ‘बॉइल ओव्हर’. पाणी वाफ होऊन निघून जाते ते ‘बॉइल अवे’, आणि रस आटतो तो ‘बॉइल डाउन’. शेवटी गूळ थंड होतो, ‘कूल डाउन’. एकाच ‘बॉइल’ची तीन रूपे आली, पण गोंधळ होत नाही, कारण प्रत्येकामागे डोळ्यांनी पाहिलेली वेगळी घटना आहे.

आता ‘ऑफ’कडे वळू. ‘ऑफ’चा मूळ अर्थ ‘पासून सुटून, दूर’. मळी रसावरून सुटते, वाफ रसातून सुटते, ऑक्सिजन पानातून सुटतो. दिवा ‘ऑफ’ होतो तेव्हाही तो विजेच्या प्रवाहापासून तुटलेला असतो. ‘बंद’ हा त्या तुटण्याचा परिणाम आहे. एवढे सांगितले असते, तर त्या मुलीने ‘रात्री’ म्हटले नसते.

अर्थात ही चावी प्रत्येक कुलपाला लागत नाही. प्रयोग ‘कॅरी आउट’ करतात, यात ‘वाहून बाहेर नेणे’ शोधून उपयोग नाही. ते लक्षातच ठेवावे लागते. मराठीतल्या सगळ्या छटा इंग्रजीत उतरत नाहीत आणि तिकडच्या इकडे येत नाहीत, हेही मुलांना सांगावे. शिवाय सर्वसाधारण इंग्रजीची यादी विज्ञानाला पुरत नाही. म्हणून विज्ञानाच्या शिक्षकांनी आपल्या पाठ्यपुस्तकातूनच ‘गिव्ह ऑफ’, ‘टेक इन’, ‘यूज अप’, ‘सेट अप’ अशा वीस-पंचवीस जोड्या निवडाव्यात, आणि प्रत्येक जोडी एखाद्या प्रयोगाला बांधावी. मेणबत्ती विझवताना ‘पुट आउट’ म्हणावे, झाकलेल्या भांड्यातला ऑक्सिजन कमी पडून ती विझली की ‘गो आउट’. विझवणे आणि विझणे यांतला फरक मुलांना मराठीत ठाऊकच आहे.

महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाते. तरीही हे काम एकट्या इंग्रजीच्या शिक्षकांवर सोडून भागणार नाही. विज्ञानाच्या तासाला वस्तू समोर असते आणि क्रिया डोळ्यांदेखत घडते. यादीच्या पुस्तकाला हे कधीच साधणार नाही. आणि एखाद्या मुलाने चुकीचा अर्थ सांगितला तर गुण कापण्याआधी एकदा ‘कधी?’ किंवा ‘कसे?’ एवढे विचारावे. चूक भाषेची आहे की विज्ञानाची, ते त्याच्या उत्तरातून कळेल.