सरळ रेष म्हणजे पुरावा? स्ट्रॉन्शियम रुथेनेटचे रिव्ह्यू वाचताना

अतिवाहकात गेज सममिती मोडते, हे एम.एस्सी.त ऐकलेलं असतं. (ती खरोखर 'मोडते' का, यावर भांडणारे लोक आहेत. तो वाद आज नको.) अनकन्व्हेन्शनल अतिवाहकांत तिच्याबरोबर आणखी एखादी सममिती मोडते: स्फटिकाची, किंवा काळ उलटा फिरवण्याची. याचं लाडकं उदाहरण म्हणजे स्ट्रॉन्शियम रुथेनेट. १९९४ साली सापडला, साधारण १.५ केल्विनखाली अतिवाहक.

मॅकेन्झी आणि माएनो यांचा २००३ चा रिव्ह्यू तुम्हाला कुणीतरी देईलच. शीर्षकातच 'स्पिन-ट्रिपलेट' आहे. मांडणी सुंदर आहे, जरूर वाचा, पण त्यातला मुख्य खांब हाताने हलवून बघा.

तो खांब म्हणजे इशिदा आणि सहकाऱ्यांची १९९८ ची नाइट शिफ्ट (रात्रपाळी नव्हे, वॉल्टर नाइट यांच्यावरून). जोडीतले स्पिन विरुद्ध असतील, म्हणजे सिंगलेट असेल, तर अतिवाहक होताना ही शिफ्ट घसरायला हवी. ती घसरली नाही, म्हणून ट्रिपलेट. आता थांबा आणि स्वतःला विचारा: सरळ रेष आणखी कशामुळे मिळेल? नमुना अतिवाहक नसेल तरी तीच रेष येते!

आणि झालं तेच. २०१९ मध्ये पुस्तोगोव आणि सहकाऱ्यांनी रेडिओ पल्सची ऊर्जा कमी केली, आणि शिफ्ट घसरली. आधी पल्सनेच नमुना क्षणभर तापत होता आणि मोजला जात होता साधा धातू. पुढच्या वर्षी इशिदांच्याच गटाने ही घसरण स्वतः मोजून छापली. याबद्दल त्यांना मानलं पाहिजे.

माझी तक्रार १९९८ च्या पेपरपेक्षा नंतरच्या वाचकांवर जास्त आहे. कडेला वाहणारे प्रवाह अपेक्षित होते. स्क्विडने शोधले, सापडले नाहीत. थरांना समांतर चुंबकीय क्षेत्रात अतिवाहकता अपेक्षेपेक्षा लवकर मरत होती, म्हणजे सिंगलेटसारखी. या गोष्टी 'न सुटलेली कोडी' या मथळ्याखाली गेल्या, आणि सरळ रेष प्रस्तावनेत राहिली.

उलट टोकालाही जाऊ नका. म्युऑन (१९९८) आणि केर परिणाम (२००६) यांनी कालसममिती मोडल्याचं दाखवलं, ते ट्रिपलेटबरोबर बुडत नाही. सिंगलेट जोड्याही, दोन घटक ९० अंशांच्या कलाफरकाने मिसळले तर, ती मोडू शकतात. घोळ पुढे आहे. नमुना एका दिशेने दाबला तर अतिवाहकता आणि कालसममितीचा भंग वेगवेगळ्या तापमानांना सुरू होतात, असं म्युऑन सांगतात (२०२१). मग उष्माधारकतेत दुसरी उडी दिसायला हवी. त्याच वर्षीच्या मोजमापात ती दिसली नाही.